एका 'क्वाइट'चे सूर

नाटक संपल्यावर एखादा इंग्रज गृहस्थ 'क्वाइट गुड' एवढेच म्हणतो, तेव्हा त्याला ते आवडले की नाही हे जाणून घेण्यासाठी आपण अर्थाआधी आघाताकडे कान द्यावा. आघात 'क्वाइट'वर पडला, तर 'बरे होते, पण...' असा न उच्चारलेला 'पण' मागून हळूच डोकावतो. तो 'गुड'वर सरकला, की तेच दोन शब्द पसंतीने उजळतात. अमेरिकेत मात्र हा उद्गार बहुधा सरळ कौतुकाचाच. त्यामुळे लंडनच्या संपादकाने 'क्वाइट गुड' म्हटलेला लेख अमेरिकन लेखकाला फारच साधलेला वाटण्याचा धोका असतो!

या शब्दाची खरी रंगत मात्र शेजारी कोणते विशेषण येते त्यावर खुलते. 'वॉर्म', 'गुड' ही कमीअधिक होणारी विशेषणे. त्यांच्यापुढे ब्रिटिश 'क्वाइट' बहुधा हात राखून वागतो. पण 'इम्पॉसिबल'ला कमीअधिक कसे व्हावे? तिथे हा संकोची शब्द एकदम ठाम होतो, आणि 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे निखालस अशक्य. मूळ स्वभाव खरे तर हाच. विश्रांत, निश्चिंत अशा अर्थाच्या लॅटिन 'क्वीएतुस'पासून फ्रेंचमार्गे आलेला, 'क्वायट' आणि 'क्विट' या शब्दांचा हा सख्खा नातलग. ऋणातून पुरते मोकळे होण्याची छटा त्याच्या जुन्या अर्थात होती, आणि चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत तो 'पूर्णपणे' याच अर्थाने वावरत होता. मवाळपणा पुष्कळ नंतरचा, एकोणिसाव्या शतकात रुळलेला. जुना अर्थ मात्र हद्दपार झाला नाही. 'नॉट क्वाइट'मध्ये तो अजून जागा आहे, म्हणूनच त्या नकारात संपूर्णतेला तिळभर उणे राहिल्याची नाजूक हुरहुर ऐकू येते.

'क्वाइट अ फ्यू'ची गंमत तर निराळीच: 'फ्यू' म्हणजे थोडे, आणि सगळे मिळून बरेच! व्याकरणाने कपाळाला हात लावावा, आपण मात्र हसून दाद द्यावी.

आणि मला सर्वांत प्रिय आहे तो एकटा, एकाक्षरी 'क्वाइट'. समोरच्याने हवामानापासून सरकारपर्यंत सगळ्यांवर तोंडसुख घ्यावे आणि उत्तरादाखल एवढाच शब्द यावा: मान्यता पुरेपूर, उत्साह शून्य, आणि पुढे बोलायला कुणाला जागाच नाही.