घड्याळाचा काटा आणि विजेची बचत : एका प्रस्तावाचा परामर्श

घड्याळे पुढे सरकवून वीज वाचवावी, हा विचार आपल्याकडे अधूनमधून पुढे येत असतो. त्याचे सर्वांत व्यवस्थित प्रतिपादन दिलीप आहुजा, डी. पी. सेनगुप्ता प्रभृती अभ्यासकांनी २००७ मध्ये केले. भारतीय प्रमाणवेळ कायमची अर्ध्या तासाने पुढे न्यावी, म्हणजे वर्षाकाठी सुमारे २०० कोटी युनिट वीज वाचेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. वर्षातून दोनदा काटे फिरविण्याचा अगर देशाचे दोन कालविभाग पाडण्याचा घोळ त्यांनी टाळला, हा त्यांच्या प्रस्तावाचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु अखिल भारतासाठी काढलेला निष्कर्ष बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला कितपत लागू पडतो, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरून ठरते. बुलढाणा शहर सुमारे ७६ अंश ११ कलांवर आहे. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने येथील घड्याळ सूर्याच्या सुमारे २५ मिनिटे पुढेच चालते. म्हणजे जी सवलत म्हणून मागितली जात आहे, तिचा मोठा हिस्सा या जिल्ह्याला १९०६ मध्ये प्रमाणवेळ ठरली तेव्हाच मिळाला आहे. जानेवारीच्या मध्यास येथे सूर्योदय सात वाजण्याच्या सुमारास होतो. प्रस्ताव अमलात आल्यास तो साडेसातच्या आसपास होईल. संध्याकाळी वाचलेला दिवा मग सकाळी लावावा लागेल.

शिवाय येथे वाचविण्याजोगा उजेडही बेताचाच आहे. लंडनला उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसापेक्षा पावणेनऊ तासांच्या आसपास मोठा असतो. बुलढाण्यास हे अंतर जेमतेम अडीच तास आहे. ही कल्पना उत्तरेकडील देशांत रुजली, ती याच कारणाने.

युद्धकाळात हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातील घड्याळे एक तास पुढे होती. त्या हिशेबाने जानेवारीत बुलढाण्यास सूर्य आठनंतर उगवत असे. परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य खेड्यांत त्या वेळी वीजच नव्हती. बदल झाला तो कचेरीचा, शाळेचा आणि मलकापूर-शेगाव मार्गावरील आगगाडीचा. शेताचे काम सूर्याच्याच वेळेने चालू राहिले.

परदेशातील पुरावाही सावध करणाराच आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात २००६ मध्ये ही पद्धत सर्वत्र लागू झाली. कॉचेन व ग्रँट यांना असे आढळले की, दिव्यांची वीज कमी झाली, पण घरे थंड व गरम ठेवण्याची वाढली, आणि घरगुती वापर एकंदरीत सुमारे एक टक्क्याने वाढला. हाव्रानेक व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ४४ अभ्यासांचे एकत्र परीक्षण केले. सरासरी बचत ०.३४ टक्के निघाली, आणि तीही विषुववृत्तापासून दूरच्या देशांत अधिक. वऱ्हाडातील मे महिना ज्याने अनुभवला आहे, त्याला इंडियानाचे मर्म सांगावयास नको. मनुष्य उन्हे कलण्याआधीच घरी परतला, तर कूलरही तितका आधी सुरू होणार. दिव्याचे म्हणाल, तर साठ वॅटच्या बल्बची जागा आता नऊ वॅटच्या एलईडीने घेतली आहे. अर्धा तास तो उशिरा लावून हाती पडणार ते किती?

तथापि खरा आक्षेप याहून मूलगामी आहे. संध्याकाळचा शिखरभार हलका करणे आणि एकूण वीज वाचविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे मोल मोठे आहे, हे निःसंशय. पण ज्या जिल्ह्यात विहिरीवरील पंप हा विजेचा मोठा ग्राहक, तेथे हा भार घड्याळाने ठरत नाही. कृषी वाहिनीवर दिवसा आठ तास अगर रात्री दहा तास अशी चक्राकार पाळी राज्यात दीर्घकाळ रूढ होती. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला वा गव्हाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्याने थंडीत, सापविंचवाच्या भयात बांधावर जावयाचे. त्याच्या दृष्टीने घड्याळात दोन वाजले काय नि अडीच वाजले काय, रात्र ती रात्रच.

म्हणून येथे विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. उजेड वाया जातो तो माणसे उशिरा उठतात म्हणून नव्हे. भर दुपारचे ऊन शिवारावर पडत असता पंप मात्र मध्यरात्री चालतो म्हणून. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने दिवसा वीज देण्याची जी दिशा धरली, तीच या जिल्ह्यापुरती खरी प्रकाशबचत होय. आहुजा-सेनगुप्ता यांचे गणित पूर्वेकडील राज्यांविषयी विचारार्ह असेलही. बुलढाण्यात काटा हलवून फारसे काही साधणार नाही. हलवावयास हवी ती पंपाची पाळी.