कंसांतील वंशवृक्ष

उत्क्रांतिवृक्ष लिहिण्याची न्यूविक पद्धती १९८६ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथे काही संशोधकांनी ठरविली. नाव मात्र तिला तेथल्या एका उपाहारगृहाचे मिळाले. भाषाकुलांचे वृक्षही आज तीतच लिहिले जातात. उदाहरणार्थ, ((मराठी,कोंकणी)९५,बंगाली,असमिया); एवढ्यात वृक्ष पुरा होतो. हे सूत्रमय लाघव वैयाकरणास भुरळ घालील.

परंतु येथील ९५ कोणाचे? कंसापुढील स्थान वस्तुतः शाखा जेथे फुटतात त्या संधिस्थानाच्या नावासाठी आहे. तेथे शाखेच्या विश्वासार्हतेचा आकडा लिहिण्याचा प्रघात पडला. मूळ मराठीच्या शाखेवर नेले, की ज्या शाखेने मराठी-कोंकणींस इतरांपासून वेगळे केले तिचा आकडा एकट्या मराठीच्या शाखेवर जाऊन बसतो. तेथे तो निरर्थक होय. चेक, उएर्ता-सेपास व स्टामाटाकिस यांनी २०१७ मध्ये असा दोष प्रचलित आज्ञावल्यांत दाखवून दिला. नेक्ससमध्येही (१९९७) वृक्ष न्यूविकचाच. फायलोएक्सएमएल (२००९) या आकड्यास स्वतंत्र जागा देते, मात्र तिचा पाल्हाळ सोसवत नाही. मूळ हलविण्यापूर्वीची प्रत लेखकाने जोडली नसेल, तर छापलेल्या आकड्यांची शहानिशा वाचकाने करावी कशी?