टॅरो, ऑरॅकल आणि गाळलेलं पान

टॅरो आणि ऑरॅकल यांत फरक काय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: टॅरोला नियम असतात, ऑरॅकल मोकळं असतं. आम्हाला हे उत्तर अर्धवट वाटतं. पत्त्यांवरून भविष्य कळतं का, हा आजचा विषय नाही. आमच्या मते कळत नाही. पण लोक त्या पानांत स्वतःचं आयुष्य वाचतात, म्हणून पानं नीट बघायला हवीत.

टॅरो मुळात खेळायचा कॅट. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झालेला. पानं ७८: चार रंगांची प्रत्येकी १४, वर २१ हुकूम आणि एक वेडा. भविष्याची टूम पुष्कळ नंतरची. १७८१ मध्ये कूर द जेबलँ यांनी हे प्राचीन इजिप्तचं ज्ञान असल्याचं छापून टाकलं, पुरावा काहीच नसताना!

खेळातून आल्यामुळे इथे प्रत्येक पानाला शेजार आहे. पेल्यांची पंजी घ्या. १९०९ च्या लंडनच्या कॅटमध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी ती काढली: काळ्या झग्यातला माणूस, पुढे तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन उभे. ते दोन त्याला दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. आणि पुढच्या छक्कीत मुलं आहेत, पेल्यांत फुलं आहेत. दुःखाला मागचं-पुढचं आहे.

ऑरॅकलमध्ये पानं किती, कोणती, हे कर्ताच ठरवतो. बहुतेकदा पानावर ‘विश्वास ठेव’ असं काहीतरी छापलेलंच असतं. आपल्याकडच्या पोपटवाल्याच्या पानासारखं: पोपटानं काढलं, वाचलं, संपलं. मग स्वातंत्र्य कुणाचं? वाचणाऱ्याचं कमी, कॅट करणाऱ्याचं जास्त. त्याला दुखरं पान नको असेल तर ते नसतंच, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. टॅरोतला कोसळता मनोरा कुणी काढून घेतला, तर ७७ पानं उरतात. चोरी मोजता येते.

अर्थात दुकानातल्या फळीवर जाऊ नका. ३६ पानांचा लेनोर्मां कॅट ऑरॅकलमध्ये ठेवतात. पण त्यातली शवपेटी, साप, कोल्हा शेजारच्या पानाशी जोडूनच वाचतात. त्याचा उगम न्युरेंबर्गच्या हेख्टेल यांच्या ‘आशेचा खेळ’ या पटावरच्या शर्यतीत. म्हणजे पुन्हा खेळच.

कुणी म्हणेल, घरात माणूस गेलंय, अशा वेळी पाठीत दहा तलवारी खुपसलेलं चित्र कशाला बघायचं? बरोबर आहे, त्या दिवशी मऊ कॅट घ्यावा. आमची तक्रार मऊपणाबद्दल नाही. खोक्यावर ‘संपूर्ण मार्गदर्शन’ लिहायचं आणि आत मरण, भांडण, कर्ज यांतलं काहीच ठेवायचं नाही, याबद्दल आहे. म्हणून नवा कॅट हातात आला की आम्ही पिसत नाही. सगळी पानं सतरंजीवर उलगडून मांडतो आणि काय काय नाही ते शोधत बसतो.