कागद जुना आहे, पण कुणाचा? हिरडस मावळातली नाणी आणि दप्तरे

मंडळी, हिर्डोशीसारख्या गावात जुन्या नाण्यांचा किंवा मोडी कागदांचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: याचे किती येतील? दुसरा: हे महाराजांच्या वेळचे का? आज आम्ही या दोन्ही प्रश्नांवर जरा टीकाच करणार आहोत. प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांच्या घाईत तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. ही वस्तू कुणी केली, कशासाठी केली आणि आपल्या हातात कशी आली?

लांबचे उदाहरण कशाला, शेजारच्या खोऱ्यातलेच घेऊ. हिरडस मावळ बांदलांचे, रोहिडखोरे जेध्यांचे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. शकावली म्हणजे काय, तर शके, महिना, तिथी आणि त्या दिवशी काय घडले याची एकदोन ओळींची नोंद. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या अशा नोंदी. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ती प्रसिद्ध केली आणि तोवर बखरींच्या आधाराने चालत आलेल्या १६२७ या शिवजन्माच्या सालावर प्रश्नचिन्ह लागले. शकावली सांगते शके १५५१, फाल्गुन वद्य ३, वार शुक्रवार, नक्षत्र हस्त. पुढे तंजावरकडून आलेल्या ‘शिवभारता’तही हीच तिथी निघाली.

आता बघा, या वहीवर विश्वास का ठेवायचा? जुनी आहे म्हणून नव्हे, जेध्यांची आहे म्हणून तर मुळीच नव्हे. तिच्यात पडताळता येईल असे काही आहे म्हणून. तिथीबरोबर वार दिला आहे. गणित मांडले की तो दिवस खरेच शुक्रवार येतो. (जाता जाता: १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस १ मार्च.) आणि ‘शिवभारत’ लिहिणारे कवींद्र परमानंद काही जेध्यांची वही समोर ठेवून बसले नव्हते. दोन वेगळ्या वाटांनी आलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिला वजन येते.

याच घराण्याचा ‘करीना’ मात्र वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. करीना म्हणजे घराण्याने सांगितलेली आपली हकीकत. तिच्यात घराण्याचे मोठेपण येणारच. तो दोष नाही, ते त्याचे कामच आहे. एकाच घरातले दोन कागद, पण दोन्ही एकाच तागडीत घालायचे नाहीत. वतनाच्या भांडणात तर खोटे महजर आणि बनावट सनदा त्या काळीही होत होत्या. आपले पूर्वज शूर होते, तसे हुशारही होते.

म्हणून थोडे हिशेब शिकून ठेवावेत. मोडी पत्रात सुहूर सन अरबी शब्दांत येतो. ‘खमस अर्बैन अलफ’ म्हणजे पाच, चाळीस, हजार, १०४५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, १६४४-४५ येते. हे वर्ष मृगाला बदलते, म्हणून दोन आकडे. राज्याभिषेक शक १६७४ मध्ये सुरू झाला. त्याआधीची मिती आणि राज्याभिषेक शक एकाच पत्रात दिसले, की तिथेच थांबायचे.

आता अवघड जागा. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांना १६४५ साली लिहिलेले म्हणून एक पत्र सांगितले जाते. रायरेश्वराचा उल्लेख असलेले आणि ‘हिंदवी स्वराज्य’ हे शब्द असलेले. ते अस्सल की मागाहून केलेले, यावर अभ्यासकांत दुमत आहे. आमची तक्रार पत्राबद्दल नाही, ते मिरवणाऱ्यांबद्दल आहे. फलकावर, स्मरणिकेत, मोबाइलवर ते छापताना हे दुमत कुणी सांगत नाही. उलट शंका काढणाऱ्यालाच महाराजांचा वैरी ठरवतात. अहो, कागदावर शंका घेणे म्हणजे माणसावर शंका घेणे नव्हे. ज्यांचे राज्य गडांनी आणि शेकडो निर्विवाद पत्रांनी सिद्ध आहे, त्यांना एका पत्राचा टेकू लागत नाही.

नाण्यांकडे येऊ. या भागात तांब्याची शिवराई सापडते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. लगेच ‘महाराजांनी पाडलेले नाणे’ अशी बातमी होते. पण हीच अक्षरे घेऊन शिवराई पेशवाईतही पडत राहिली. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, पुष्कळ उशिराची. म्हणून ती कमी मोलाची होत नाही. भोरच्या बाजारात मीठमिरची ज्या पैशाने घेतली गेली असेल, तो पैसा तुमच्या हातात आहे. एवढे पुरेसे नाही का?

खोटे ओळखायचे तर कडेकडे बघा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला सांधा दिसतो, अंगावर बारीक छिद्रे असतात. खरी शिवराई ठोकून पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अक्षरे बहुधा अर्धवटच उमटतात. सगळा मजकूर मधोमध, नीटनेटका बसलेला दिसला तर आनंदाआधी संशय घ्यावा. आणि १८१८ सालचे, ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून रामदरबाराचे ‘चमत्कारी’ नाणे कुणी दाखवले, तर चहा पाजून निरोप द्या. कंपनीने असले नाणे कधी पाडलेच नाही.

खरे नुकसान मात्र बनावट नाण्यांनी होत नाही, ते आपल्या हातांनी होते. चिंच लावून, राख लावून, पितांबरीने नाणे लख्ख करतात. तांब्यावरचा शेकडो वर्षांचा थर जातो आणि अक्षरेही झिजतात. कागदाला चिकटपट्टी लावतात, लॅमिनेशन करतात. नीरा-देवघर धरणाच्या वेळी या खोऱ्यातली घरे उठली, माणसे पांगली. अशा हलवाहलवीत दप्तराची रुमाले कुठल्या पोत्यात जातात, कोण बघतो? मग ती पुण्याच्या एखाद्या दुकानात सुटी सुटी निघतात. पत्र राहते, पण ते कुठल्या गावचे, कुठल्या वाड्यातले, कुठल्या कागदाशेजारी होते, ते कायमचे जाते. महागड्या संग्रहांचे आम्हाला फारसे कौतुक वाटत नाही ते यामुळेच. काचेखाली पन्नास शिवराया, आणि एकीखालीही गावाचे नाव नाही.

कायदाही माहीत असू द्या. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, हस्तलिखितासाठी ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षे. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

घरात रुमाल असेल तर सोडताना आधी फोटो काढा, कागदांचा क्रम मोडू नका. नाणे कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहा: कुठल्या शेतात, कुठल्या बांधाला, कधी, कुणाला सापडले. कागद वाचून घ्यायचे तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागार आहे. नाण्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरीची संस्था आहे. मूळ कागद हातचा सोडायला मन होत नसेल तर नका सोडू. पण आजीला विचारून घ्या, तो रुमाल कुठल्या घरातून आला ते, आणि आजच लिहून ठेवा.