स्वर्गातला तबेला

चिनी अभिजात वाङ्मयात कन्फ्यूशियस, ताओ आणि बुद्ध हे तिन्ही विचार गुण्यागोविंदाने नांदतात, असे अभ्यासक सांगतात. नांदतात हे खरे. पण कोणाच्या अटींवर, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

‘पश्चिमेची यात्रा’ ही शंभर प्रकरणांची कादंबरी घ्या. तिची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५९२ ची. भारतातून बौद्ध ग्रंथ नेणाऱ्या ह्युएन त्संगचा सातव्या शतकातला प्रवास तिच्या मुळाशी आहे. त्या प्रवासात तो महाराष्ट्रातही येऊन गेला. परंतु कादंबरीचा खरा नायक आहे सून वूखोंग हे माकड.

इथल्या स्वर्गातले देव ताओपंथी, कारभार मात्र कन्फ्यूशियन नोकरशाहीचा. वूखोंगला घोड्यांच्या तबेल्यावर नेमले जाते. ही नेमणूक उतरंडीच्या तळाची आहे हे कळताच तो ती लाथाडतो आणि ‘स्वर्गाच्या बरोबरीचा महर्षी’ अशी पदवी स्वतःच घेतो. स्वर्ग धूर्त आहे. तो पदवी मान्य करतो, पण सत्ता देत नाही आणि मेजवानीचे बोलावणेही करीत नाही. पंगतीतून वगळणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

मग वूखोंग स्वर्ग उधळतो. सिंहासन आळीपाळीने फिरले पाहिजे, असे तो थेट बुद्धालाच सुनावतो. आणि बुद्ध? तो बंडखोराला पाचशे वर्षे डोंगराखाली गाडतो. कृतज्ञ स्वर्गसम्राट बुद्धाला मेजवानी देतो! जन्मावरून माणसाची प्रतवारी नाकारणारा बुद्ध इथे सिंहासनाचा राखणदार झाला आहे. समन्वय म्हणतात तो हाच.

तरीही ही कादंबरी भाबडी नाही. ताओपंथीयांनी गुलामासारखे राबविलेल्या भिक्षूंना वूखोंगच सोडवतो. अखेरीस आनंद आणि काश्यप ग्रंथ देण्यापूर्वी नजराणा मागतात; तो न मिळाल्याने कोरे ग्रंथ हाती ठेवतात. पावित्र्याच्या दरबारातली ही लाच दाखवणारा लेखक डोळस होता, यात शंका नाही.

पण त्याची दृष्टी व्यक्तीपाशी थांबते. वूखोंगला बुद्धपद मिळते, त्याच्या डोक्यावरचे जाचक कडे नाहीसे होते. त्याच समारंभात सोबतच्या वराहाला मात्र वेदीवरचे उरलेसुरले संपवण्याचे काम मिळते. तो कुरकुरतो, पण त्याची दाद लागत नाही. एक बंडखोर वर गेला. प्रतवारी जागच्या जागी राहिली. या कादंबरीचे मोल ठरवताना हा हिशेब सोडता येणार नाही.