‘तारण’ आणि ‘ठेवणे’ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील ईश्वरी रक्षणाची संकल्पना

‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण मराठी समाजात सर्व धर्मांचे लोक वापरतात. तिच्या वापरातील एक विशेष मात्र फारसा ध्यानात घेतला जात नाही. ती नेहमी संकट टळल्यावर उच्चारली जाते, आणि तीही वाचलेल्या माणसाविषयी. जो वाचला नाही त्याच्या दारी ती कोणी उच्चारीत नाही. त्यामुळे ती कधी खोटी ठरत नाही. ईश्वर रक्षण करतो, या ख्रिस्ती श्रद्धावचनाचा अर्थ याच म्हणीच्या अंगाने लावावयाचा काय, असा प्रश्न मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे उभा राहतो.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘तारण’ हा शब्द ‘तॄ’ या धातूपासून आलेला असून ‘पलीकडे नेणे’ हा त्याचा मूलार्थ होय. मराठी बायबलात तो पापांतून व संकटांतून होणाऱ्या सुटकेसाठी रूढ झाला. व्यवहारात मात्र तारण म्हणजे कर्जापोटी सावकाराकडे ठेवलेली वस्तू. ‘विश्वास’ या शब्दाचीही दोन रूपे आहेत. ‘विश्वास बसतो’ तेव्हा माणूस अनुभव घेणारा असतो. ‘विश्वास ठेवतो’ तेव्हा तो कर्ता असतो, आणि ‘ठेव’ हे नाम याच धातूचे. त्यांच्या जोडीला ‘खंडणी’ हा शब्द येऊन बसला. तारण, ठेव, खंडणी हे सगळे देण्याघेण्याच्या व्यवहाराचे शब्द आहेत. भाषांतरकारांचा हेतू काहीही असो, विश्वासाची ठेव ठेवावी आणि मोबदल्यात रक्षण पदरात पडावे, असा करार या शब्दांतून सहज सूचित होतो. अर्थात् शब्दांतून सुचणारा अर्थ मूळ संहितेला मान्य असतोच असे नाही.

संहितेकडे वळले असता निराळेच चित्र दिसते. स्तोत्र ९१ मध्ये रक्षणाची आश्वासने मुबलक आहेत. परंतु शुभवर्तमानांत या स्तोत्राचा आधार घेणारा सैतान आहे. मंदिराच्या उंच टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे तो सुचवितो. आणि देवाची परीक्षा पाहू नये, असे म्हणून येशू ते नाकारतो. दानीएलाच्या ग्रंथातील तिघे तरुण तर राजाला स्पष्ट सांगतात की, आमचा देव आम्हांस भट्टीतून सोडविण्यास समर्थ आहे. पण त्याने न सोडविले तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर कराराची रचना ‘जर–तर’ अशी असते. या तरुणांच्या श्रद्धेची रचना ‘तरी’ अशी आहे. स्तोत्र २३ मध्ये दरी टळत नाही. आरंभी तृतीय पुरुषात वर्णिलेला मेंढपाळ नेमका त्या अंधाऱ्या दरीत द्वितीय पुरुषी होतो. ‘तो’ चा ‘तू’ होतो. तेथे रक्षणाचा अर्थ सोबत असा आहे.

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशात हा भेद केवळ पुस्तकी राहत नाही. मोहफुले वा तेंदूपत्ता वेचावयास गेलेली माणसे तेथे आजही वाघाच्या हल्ल्यात दगावतात. ताडोबा हे नावच मुळी ‘तारू’ या देवावरून पडले असे सांगतात. आख्यायिकेप्रमाणे तारू हा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे जत्रा भरत असे. ज्याला वाघाने मारले त्यालाच वाघाच्या रानात शरण जावयाचे, ही कल्पना वधस्तंभावर मेलेल्या तारकाच्या कल्पनेशी ताडून पाहण्याजोगी आहे. दोहोंतील अंतर मोठे आहे, कारण पुनरुत्थानाचा सिद्धान्त तारूच्या कथेत नाही. तथापि ज्याला स्वतःला रक्षण लाभले नाही तोच रक्षक, हा विचार या भूमीस परका नाही एवढे निश्चित.

स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) याचे चरित्र या संदर्भात बोलके आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा धर्मोपदेशक नागपुरास आला, त्याने गोंडांची भाषा व लिंगोचे गीत टिपले, आणि ही टिपणे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने प्रसिद्ध केली. तत्पूर्वीच, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाट–बोरी परिसरात पुराचे पाणी ओलांडताना हिस्लॉप बुडाला. तारणाचा उपदेश करणारा मनुष्य पैलतीरास पोहोचला नाही. कराराच्या अर्थाने पाहिले तर हा श्रद्धेचा पराभव ठरतो. त्याच्यामागून मिशनचे काम थांबले नाही, आणि चांद्यास स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशनही उभे राहिले. यावरून ही श्रद्धा अशा हिशेबावर उभी नसावी असे दिसते.

मराठी वाङ्मयात या प्रश्नाची सर्वांत प्रामाणिक नोंद लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) या ग्रंथात सापडते. रेव्हरंड टिळकांचा भरवसा असा की, हाती आलेला पैसा ते देऊन टाकीत. उद्याची चूल पेटविण्याचा भार मात्र लक्ष्मीबाईंवर पडे. त्या या भरवशाची थट्टा करतात, त्यावर रागावतात, आणि शेवटी त्यातील सत्यही मान्य करतात. एकाचा देवावरील भार पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर उतरतो, हे त्यांनी कोणताही सिद्धान्त न मांडता दाखविले. भक्तिपर लेखनात ही बाजू सहसा येत नाही; म्हणूनच हा ग्रंथ त्या लेखनाहून अधिक विश्वसनीय वाटतो.

सारांश, ‘तारण’ व ‘ठेवणे’ या शब्दांनी मराठी ख्रिस्ती श्रद्धेस व्यवहाराचा एक साचा दिला, आणि त्या परंपरेतील उत्तम लेखन तो साचा मोडीत गेले. म्हण संकट टळल्यावर उच्चारली जाते; भट्टीपुढचे ‘तरी’ हे संकटाचा शेवट कळण्यापूर्वी उच्चारलेले आहे. ईश्वरी रक्षणावरील मराठी लेखनाचे मूल्यमापन करताना, ते या दोहोंपैकी कोणत्या बाजूस उभे आहे हे प्रथम पाहिले पाहिजे.