औषधाच्या मात्रेतले त्रैराशिक

जंतनाशक दिनाला परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत जा. 2015 मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम आता देशभर चालतो आणि गोळी चावून खायला लावण्याचे काम शिक्षकांकडे येते. पहिलीतल्या 15 किलोच्या मुलाला अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळी, दहावीतल्या 45 किलोच्या मुलीलाही तीच एक. गणितात डोके चालणारा एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, वजन तिप्पट आणि गोळी सारखीच?"

प्रश्न योग्य आहे, आणि या औषधापुरते उत्तर सोपे आहे. अल्बेंडाझोल रक्तात फारच थोडे शोषले जाते. ते आतड्यात राहून तिथल्या जंतांवर काम करते, त्यामुळे मुलाच्या वजनाचा फारसा संबंध येत नाही. (एक ते दोन वर्षांच्या बाळाला मात्र अर्धीच गोळी.) पण हे उत्तर ऐकून विद्यार्थी समजतो की, रक्तात जाणाऱ्या औषधांना तरी त्रैराशिक लागू पडत असणार. आमचा आक्षेप आहे तो या समजुतीला, आणि ती फक्त विद्यार्थ्यांची नाही.

प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे आपल्याला माहीत असलेले थॉमस यंग पेशाने डॉक्टर होते. त्यांच्या नावाचा एक नियम परिचारिकांच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापला गेला: मुलाचे वय भागिले वय अधिक 12, गुणिले मोठ्या माणसाची मात्रा. चार वर्षांच्या मुलाला पाव, बारा वर्षांच्याला अर्धी. आता वयाच्या जागी शून्य घालून पाहा. नवजात बाळाची मात्रा शून्य येते! पुढे वजनाचा नियम आला. 60 किलोच्या माणसाला जेवढे लागते, त्याच्या सहावा हिस्सा 10 किलोच्या मुलाला. हा नियम दिसायला शास्त्रीय, म्हणून जास्त टिकला.

त्याची किंमत क्षयरोगाच्या उपचारात दिसते. आयसोनियाझिड मोठ्यांना किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मुलांनाही किलोमागे 5 च होते. 2010 च्या सुमारास ती शिफारस बदलून 10 झाली. रिफाम्पिसिन 10 वरून 15, पायराझिनामाइड 25 वरून 35. तोवर त्रैराशिकाने मोजून औषध घेणाऱ्या कितीतरी लहान मुलांच्या रक्तात ते पुरेसे चढतच नव्हते. मूल गोळी वेळेवर घेत होते, आईवडील नेमाने देत होते; चूक होती ती गणितात.

असे का व्हावे? पातेल्यातले वरण उशिरा निवते, वाटीतले लगेच. आकार लहान झाला की घनफळाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो. लहान देहाचा चयापचय किलोमागे अधिक वेगाचा असतो आणि औषध शरीराबाहेर टाकण्याचे कामही तसेच. हा वेग वजनाच्या पाऊण घाताने बदलतो असे धरतात. वर्गात करून पाहता येईल: 6 चा घन 216, त्याचे वर्गमूळ 14.7, पुन्हा वर्गमूळ 3.83. म्हणजे 10 किलोच्या मुलाला सहावा नव्हे, जवळजवळ चौथा हिस्सा. (हे गणित फळ्यापुरते; मात्रा ठरवायची ती डॉक्टरांनीच.)

प्रौढांच्या आकडेवारीवरून मुलांची मात्रा काढणारी आजची संगणकी प्रारूपे बहुधा याच घातांकापासून सुरू होतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. 10 किलोच्या मुलाच्या अंगात सारे मिळून 800 मिलिलिटरच्या आसपास रक्त. त्याला तासातासाला सुई टोचून पातळ्या मोजणे कोणालाच रुचणार नाही. तेव्हा मोठ्यांकडून माहिती उसनी घेणे भागच आहे. पण उसन्या माहितीला मर्यादा असतात. मोठ्यांच्या 300 मिलिग्रॅम आयसोनियाझिडवरून पाऊण घाताने मुलाला 78 येतात, त्रैराशिकाने 50, आणि नवी शिफारस आहे 100. सूत्राने दिशा बरोबर दाखवली. अंतर मात्र अपुरे पडले.

नवजात बाळाच्या बाबतीत तर दिशाही उलटते. तीन किलोच्या बाळाला हेच सूत्र त्रैराशिकाच्या दुप्पट औषध देऊ करते. पण त्याच्या यकृतातली विकरे अजून पुरती कामाला लागलेली नसतात आणि मूत्रपिंडाला मोठ्यांच्या तोडीला यायला साधारण वर्ष लागते. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक नवजात बाळांना भरपूर मात्रेत दिले गेले, तेव्हा ती राखाडी पडून दगावू लागली. कारण उलगडले 1959 मध्ये, अमेरिकेत. मोठ्यांना किलोमागे 50 मिलिग्रॅम चालणाऱ्या या औषधाची बाळाची मात्रा नंतर 25 वर आणली गेली. एकूण पाहता किलोमागची गरज जन्मल्यावर कमी, रांगत्या-धावत्या वयात जास्त, मोठेपणी पुन्हा कमी. एका सरळ रेषेत हे बसणार कसे? म्हणून चांगल्या प्रारूपात वजनाबरोबर अवयवांच्या वाढीचाही हिशेब असतो.

तरी आपल्या मुलांसाठी एक गोष्ट उरतेच. तीन वर्षांचे 12 किलोचे धडधाकट मूल आणि पाच वर्षांचे 12 किलोचे कुपोषित मूल सूत्राला सारखेच दिसते, कारण अवयवांची वाढ या वयापर्यंत बहुतेक पुरी झालेली असते. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी 2013 मध्ये मुलांच्या रक्तातल्या पातळ्या प्रसिद्ध केल्या. त्यांत वय, पोषण आणि आयसोनियाझिड शरीरात किती झपाट्याने मोडते याची आनुवंशिक ठेवण, तिन्हींचा परिणाम आढळला. मोठ्यांच्या आकडेवारीत मुलांचे कुपोषण कुठून येणार? ते मुलांतच मोजावे लागते. आणि त्यासाठी फार रक्त लागत नाही. प्रत्येक मुलाचे दोन-तीन नमुने, पण पुष्कळ मुलांचे, एवढ्यावर प्रारूप सुधारता येते.

आता मुलांच्या क्षयरोगासाठी पाण्यात विरघळणारी गोळी आहे. तिच्यात आयसोनियाझिड 50, रिफाम्पिसिन 75 आणि पायराझिनामाइड 150 मिलिग्रॅम. 8 ते 11 किलोच्या मुलाला दोन, 12 ते 15 किलोच्या मुलाला तीन. उपचार लागू पडला की मुलाचे वजन वाढते, आणि ते 12 वर गेले की तिसरी गोळी सुरू करायची. दर महिन्याला वजन केले नाही, तर हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.